गच्चीवरची साडी

“गावाची हवा उत्तम आहे!” कारखान्याच्या साहेबांनी माईकवरून जाहीर केलं. पहिल्या रांगेत बाबा खोकत खोकतच टाळ्या वाजवत होते.

हवा मोजायचं यंत्र आमच्याच गच्चीवर बसवलंय, कारखान्याच्या चिमणीच्या अगदी समोर. मला शंका आली. आईकडे वळून विचारलं, “यंत्रावर काही घातलं नव्हतंस ना?”

“घातलं होतं की! एवढं महागाचं यंत्र, काजळीनं काळं झालं असतं. कुरडयांवर पसरते तीच जुनी साडी गुंडाळली, चांगली घट्ट.”

माझं डोकंच फिरलं. तसाच स्टेजवर गेलो आणि साहेबांच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, “तुमचे आकडे खोटे आहेत. पुन्हा मोजा.”

“माहीत आहे,” साहेब शांतपणे म्हणाले. “आकडे घ्यायला आमचा माणूस येतो, त्याला साडी दिसतेच ना.”

मग त्यांनी माईकवरून आईला वर बोलावलं आणि यंत्राची मनापासून काळजी घेतल्याबद्दल साडी-चोळी देऊन तिचा सत्कार केला.

आई हरखून खाली आली. “किती चांगला माणूस! म्हणाले, मावशी, जुनी आता विरली असेल, यंत्रावर ही नवी घाला.”