गरम हात
शिडीवरून पडलेले रंगारी काका दवाखान्यातल्या खाटेवरून चपला शोधत होते. बरगडीखाली दुखत होतं, पण हात गरम होते. “आत रक्तस्राव असता तर हात गार पडले असते. घरी जा,” मी डॉक्टरी थाटात म्हणाले. “काही गोळ्या चालू?” “बीपी नाही, शुगर नाही. गडी ठणठणीत!” घरी जाण्याच्या कागदावर काकांची सही हवी होती; शेजारी उभ्या काकूंनी त्यांचं चष्म्याचं घर उघडलं, तर गोळ्यांची पट्टी पडली. काका ओशाळले. “ती लघवी अडते म्हणून. हिला सांगितलं नव्हतं.” नाव वाचून माझेच हातपाय गार पडले. ही गोळी रक्तवाहिन्या सैल ठेवते. रक्त घटलं तरी त्या आकसत नाहीत, हात गरमच राहतात. “काका, उठू नका!” ते उठलेच आणि कोसळले. त्यांचे पाय उंचावून मी रक्त मागवलं. त्यांचा हात धरून काकू मला म्हणाल्या, “घाबरू नका, डॉक्टर. हात अजून गरम आहे.”