मुदानच्या कळ्या

कळ्या खुडायची अक्कल सुनेला नेमकी याच वर्षी सुचावी! लू आजी अंगणात उभी राहून बघत होती. भिंतीलगतच्या मुदानच्या झुडपावर औषधालासुद्धा कळी उरली नव्हती. उमलायला आलेले अक्रोडाएवढे गोळे बुंध्याशी मातीत पडले होते. बाकी गावात कुठलंही अंगण घ्या, मुदान फुललेलं. ताटाएवढी गुलाबी, जांभळी फुलं भिंतींवरून डोकावत होती. एकटं लू आजीचं झुडूप हजामत केल्यासारखं उभं होतं.

परवा पाओशानला वारून तीन वर्षं पुरी होत होती. आजीचा एकुलता मुलगा. मुदान फुलायच्या दिवसांतच गेला. पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी तिने याच झुडपाची फुलं त्याच्या कबरीवर नेली होती. तिसरं वर्ष शेवटचं. त्या दिवशी सुतक सुटतं आणि बुटांवर शिवलेलं पांढरं कापड उसवून टाकतात. त्या दिवसासाठी म्हातारी गेले दोन महिने या झुडपाकडे डोळे लावून बसली होती.

"काय लू ताई, यंदा झाडाने उपास धरलाय वाटतं?" भिंतीपलीकडून शेजारच्या छाओ मावशीने विचारलं.

"झाडाने नाही, आमच्या घराने धरलाय. तू आपलं जेवण बघ," आजी म्हणाली आणि वळली. "हुईझन! बाहेर ये."

सून पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिच्या बुटांवरचं पांढरं कापड तीन वर्षांत मातीच्या रंगाचं झालं होतं.

"हे काय केलंस?"

"कीड लागली होती, आई."

"कीड! दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून आले मी, मला नाही दिसली ती?"

हुईझन बोटांवरचं पीठ चोळत राहिली. ती कधीच फार बोलत नसे. आजीला तिचा तेवढाच राग यायचा. भांडायला समोर माणूस हवं, भिंत नव्हे.

कीड म्हणे! आजी झुडपापाशी खाली बसली. कीड असेल तर मुळाशी असेल. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मूळ बोटांना लागलं की झाडाचं दुखणं तिला कळायचं. हे झुडूप तिच्या माहेरचं. तिच्या माहेरी लेक लग्न होऊन गेली की पानगळीत झाड उकरायचे, मुळं फोडायचे आणि अर्धं तिच्या सासरी पोचवायचे. लेकीलाच, सुनेला कधी नाही. आजीला तसंच मिळालं होतं. आपल्या लेकीलाही तिने तसंच दिलं होतं.

माती भुसभुशीत लागली. जुन्या झाडाखालची माती अशी नसते. तिने आणखी खोल बोटं घातली. एका बाजूला मुळांचा झुबका होता. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. होता तो नुसता कापल्याचा सपाट डाग, आणि त्यावर जखम भरायला लावलेली राख.

आजीने त्या डागावरून बोट फिरवलं. गेल्या पानगळीत ती डोळ्यांसाठी महिनाभर लेकीकडे शहरात होती. परत आली तेव्हा झुडूप थंडीसाठी पेंढ्यात गुंडाळलेलं होतं. पेंढा सुनेनेच गुंडाळला आणि वसंतात सुनेनेच सोडला. झुडूप बारीक दिसलं तेव्हा आजीला वाटलं, नव्या डोळ्यांना सगळंच बारीक दिसत असेल.

फोडलेलं झाड पहिल्या वसंतात फुलू द्यायचं नसतं. सगळा जोर फुलात जातो आणि मूळ मरतं. म्हणून कळ्या खुडायच्या. हे सुनेला आजीनेच शिकवलं होतं.

ती उठली नाही. खालूनच तिने विचारलं, "तिकडच्या खुडल्यास?"

"कुठल्या?"

"अर्धं जिथे नेऊन लावलंस, तिथल्या."

हुईझनने एकदा भिंतीपलीकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "शूकडे. तेलघाणीवाल्या शूच्या अंगणात. त्याची बायको वारली तेव्हापासून तो विचारतोय. तीन वर्षं झाल्याशिवाय बोलू नको, असं मी सांगितलंय."

"तुझं लग्न नाही विचारलं मी. कळ्या विचारल्या."

"तिकडच्या नाही खुडल्या." सुनेचे डोळे भरून आले. "पाओशानला फुलं हवीत ना परवा? इथल्या ठेवल्या असत्या तर तुमचं झाड मेलं असतं. तिकडचं मेलं तरी चालेल. उद्या संध्याकाळी जाऊन सगळी फुलं आणणार होते."

भिंतीपलीकडे छाओ मावशीची झाडलोट थांबली होती. स्वयंपाकघरात कबरीवर न्यायचे पाव वाफेवर होते. पुढच्या वर्षापासून ते आजीला एकटीलाच करावे लागणार होते. तिने उकरलेली माती हाताने मुळांवर ओढली, दाबली, पुन्हा दाबली. मग गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली.

"मूर्ख कुठली," ती म्हणाली. "मेलेल्याला एक वर्ष फूल नसलं तरी चालतं. आत्ताच्या आत्ता जा आणि तिकडच्या सगळ्या खुडून टाक. आणि परवा पायातलं पांढरं उतरलं, की चोरासारखी मागून निघू नकोस. या घरच्या लेकी पुढच्या दाराने जातात."