पारासूची ओ

बीच नावाच्या झाडाच्या सालीवर सुरीने कोरलेलं नाव शंभर वर्षं मिटत नाही.

पारास्काच्या टोपलीत सहा अळंब्या होत्या.

कार्पेथियन डोंगरातल्या या गावात लेकरं बोलायच्याही आधी एक गोष्ट शिकतात: रानात कुणी हाक मारली, तर ओ द्यायची.

साठ वर्षांपूर्वी पारास्काचा धाकटा भाऊ इल्को याच रानात हरवला. "त्याची हाक मला ऐकूच आली नाही," असं तिने घरी सांगितलं होतं. त्यानंतर ती आज पहिल्यांदा इथे आली, तीही सुनेच्या हट्टापायी.

"सगळं गाव इथून अळंबी नेतं, आई. तुम्हालाच कसलं वावडं?" यारीना म्हणाली.

"माझ्या गुडघ्यांना विचार."

तेवढ्यात उतारावरून कोवळ्या आवाजात हाक आली. "पारासू!"

यारीना हसली. "कुणाचं गं बाई हे पोर? चक्क तुमचं नाव घेतंय. द्या की ओ."

पारास्काने खोडाला हात टेकला. तिला पारासू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"पारासू!"

"कान गेले का तुमचे? घाबरलंय ते!"

साठ वर्षं घशात अडकलेली ओ पारास्काने अखेर दिली.

पाचोळ्यावरून हलकी पावलं धावत आली आणि समोरच्याच झाडामागे थांबली.

"ये रे बाहेर," यारीना म्हणाली.

झाडामागून दाबलेलं हसू ऐकू आलं.

इल्को हरवला त्या दुपारी पारास्का त्याच्यापासून वीस पावलांवर, झाडामागे, त्याच्या हाका ऐकत, हसू दाबून बसली होती.