गृहपाठाचा फोटो

खोटी बातमी ओळखायला शिकवायचं म्हणून ग्रंथालयाच्या मॅडमनी काल एक खोटा मेसेज स्वतःच बनवला. फोटोसाठी सातवीतल्या जेबाचे अब्बा खांद्यावर पोतं घेऊन हौसेनं उभे राहिले. वर ‘मुलं चोरणारा, सावधान’, खाली ‘गृहपाठ: हे खोटं कसं ते शोधा’ असं लिहून मॅडमनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आज तासाला पियुष म्हणाला, “मॅडम, माह्या मामालेबी हा फोटो आला. पन त्यात गृहपाठाची ओळच नाही.” मॅडम जेबाकडे वळल्या. “जेबा, अब्बा कुठं आहेत?” “शेगड्या दुरुस्त कराले मारेगावकडे गेले.” मॅडमनी अब्बांना फोन लावला. तीनदा नुसताच वाजला. चौथ्यांदा माणसांच्या गलक्यातून अनोळखी आवाज आला, “कोन बोलून राह्यलं?” फळ्यावर कालचा पहिला प्रश्न तसाच होता: ‘बातमी मुळात कोणी पाठवली?’ मॅडम फोनवर म्हणाल्या, “तो फोटो मीच पाठवला.”