गुरुवारचा ब्लाऊज

द्वारकाबाई भांडायलाच आल्या होत्या. एकटीचं तोंड पुरणार नाही म्हणून त्यांनी जावेलाही सोबत आणलं होतं. कुरुंद्याच्या स्टँडमागं करुणाचं शिलाईचं पत्र्याचं दुकान आहे, त्याची पायरी चढता चढताच त्यांनी पदर खोचला.

"करुणा, तू गुरवारी देते म्हणलीस. आज गुरवार हाय. आता न्हाई झाला म्हणून सांगशील तर..."

"झालाय ना, काकू," करुणा म्हणाली आणि तिनं पिशवी पुढं केली.

द्वारकाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. वाटेत दोघींनी सगळं वाटून घेतलं होतं. 'लग्नाचं घर हाय आमचं' हे द्वारकाबाईंनी म्हणायचं आणि 'आमाला काय कामधंदे न्हाईत व्हय' हे जाऊबाईंनी, म्हणजे रुख्मिणीबाईंनी. आता ते सगळं वाया गेलं.

"समदा झाला? हुक?"

"हुकबी लावले."

"इस्त्री?"

"केली."

द्वारकाबाईंनी ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला, अस्तर ओढून पाहिलं. रुख्मिणीबाईंनी तो उजेडात धरला. एकही टाका चुकला नव्हता. दोघींना फार वाईट वाटलं.

करुणा मात्र मनातून खूश होती. वसमतला बायकांना धंदा शिकवायचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "दिलेली तारीख पाळा. तुमचा शब्द हीच तुमच्या दुकानाची पाटी." करुणानं हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि हा ब्लाऊज काही साधा नव्हता, परीक्षेचा होता. द्वारकाबाईंच्या पुनमचं लग्न ठरलं होतं आणि तिचे अकरा ब्लाऊज शिवायचे होते. अकरांची कापडं द्वारकाबाईंनी आज पिशवीत भरून आणलीच होती. हे काम मिळालं की कुरुंद्यात करुणाचं नाव झालं म्हणून समजा. लग्नात तासन् तास सगळ्या बायका नवरीच्या पाठीकडंच तर बघत बसतात.

द्वारकाबाईंनी दुकानभर नजर फिरवली आणि आवाज खाली आणला.

"करुणा, खरं सांग. तुह्याकडं काम न्हाई का?"

"हाय की, काकू."

"मंग हे येळेवर कसं झालं?"

मॅडमनी हा प्रश्न शिकवलाच नव्हता.

"वसमतचा मास्टर पहा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मह्या लेकराच्या बारशाचा झंपर त्यानं लेकरू चालाया लागल्यावर देला. पण काय बसला, माय! अजून बाया त्याच्या दारात उभ्या राहतेत."

"चांगल्या टेलरला सवड कुठं असती?" द्वारकाबाईंनी उसासा टाकला. "पोर गुणाची हायेस तू. पण लग्नाचं काम हाय. वसमतलाच टाकतो." आणि त्यांनी अकरा कापडांची पिशवी काखेत मारली.

करुणा रडायच्या बेतात होती. तेवढ्यात रस्ता ओलांडून भिकाबाई येताना दिसल्या. त्यांनाही आजचीच तारीख दिली होती आणि त्यांचाही ब्लाऊज घडी घालून टेबलावर तयार होता. करुणानं एकदा द्वारकाबाईंच्या काखेतल्या पिशवीकडं पाहिलं, एकदा त्या घडीकडं. मग दोघी जावा दाराकडं वळताच घडी उचलून स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"झाला का गं महा ब्लाऊज?" भिकाबाईंनी दारातूनच विचारलं.

"कुठं, काकू! काजं राहिलीत. तुमी काहून आल्या आज?"

"तूच म्हणलीस की गुरवारी!"

"म्हणले असंल. किती जणींचं ध्यानात ठेवू?" हे बोलताना करुणाचे कान लाल झाले.

"लबाड हायेस. आता घेतल्याबिगर जात न्हाई मी," असं म्हणून भिकाबाई पायरीवर फतकल मारून बसल्या.

द्वारकाबाई निघता निघता थांबल्या. जावेकडं पाहिलं. जावेनं मान हलवली. पिशवी पुन्हा टेबलावर आली.

"आमचे अकरा कधी देशील?"

"लग्न कधी हाय, काकू?"

"पंधराला."

करुणानं कॅलेंडरकडं पाहिलं. पाच तारखेपर्यंत अकराही ब्लाऊज हूक-लटकनासह हातात ठेवता आले असते.

"चौदाला सांजच्याला चक्कर मारा. झाले तर झाले."

"अन् न्हाई झाले तर?"

"पंधराला सकाळी. अक्षता पडायच्या आत देते."

द्वारकाबाईंचा चेहरा उजळला. "हे पहाय करुणा, लग्नाचं घर हाय आमचं!"

"आमाला काय कामधंदे न्हाईत व्हय?" रुख्मिणीबाईंनी लगेच जोड दिली.

वाटेत ठरवलेलं सगळं बोलून झाल्यावर, आणि दोन-चार जास्तीची वाक्यंही बोलून, दोघी तृप्त होऊन उतरल्या आणि दुकानासमोरच रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या माना अजून इकडंच होत्या.

आता उठायची सोय नव्हती. भिकाबाईंचा इस्त्री केलेला ब्लाऊज खाली चुरगळत होता आणि भिकाबाई पायरीवर बसून टक लावून बघत होत्या. करुणानं मशीनमध्ये एक चिंधी सरकवली आणि जोरजोरात पाय मारायला लागली. सुईत दोरा नव्हता.

"होऊ दे सावकाश, पोरी," भिकाबाई पायरीवरून म्हणाल्या. "घाईत शिवलेला मला चालत न्हाई."