अठ्ठ्याण्णव टक्के
चिमणी चाचणीत पास झाली. निदान चौथ्या मिनिटापर्यंत तरी. सहा वर्षांच्या चिमणीची फुप्फुसं वाळक्या स्पंजासारखी ताठरली होती. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये नाकातली ऑक्सिजनची नळी काढून सहा मिनिटं चालायचं. बोटावरच्या चिमट्याने ऑक्सिजन नव्वदच्या वर दाखवला, तर नळी सुटणार, शाळा सुरू होणार. बाबा तिचा हात धरून चालत होता. चौथ्या मिनिटाला स्क्रीनसमोरची नर्स ओरडली, "अठ्ठ्याण्णव! पोरगी आहे की घोडा?" बाबाने खाली पाहिलं. चिमटा त्याच्याच बोटावर होता; चालता चालता चिमणीने तो हळूच सरकवला होता. "बाबा, गप्प बस ना," चिमणी धापा टाकत कुजबुजली. तिचे ओठ जांभळे पडले होते. बाबाने चिमटा काढून तिच्या बोटाला लावला. ब्याऐंशी. चिमणीने कट्टी केली. चाचणीच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात बाबाने लिहिलं: "माझे अठ्ठ्याण्णव टक्के कन्येच्या नावे वर्ग करावेत, ही नम्र विनंती."