वर गेलेला हात

डोळ्यांच्या ऑपरेशनच्या मशीनमधल्या लेझर डायोडसाठी व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर सिनियर निवडत असताना ज्युनियर इंजिनीअर म्हणाली होती, "सर, हा सुरू होताना करंटचा झटका देतो. डायोड जळेल."

सिनियरने सगळ्यांसमोर तिची खिल्ली उडवली, "तुम्ही आपले मिक्सर दुरुस्त करा!" आणि तोच रेग्युलेटर बसवला.

आज चाचणीत डायोड जळालाच.

"कुणी निवडला हा रेग्युलेटर?" मोठे साहेब कडाडले.

सिनियरचा हात वर झाला. पण त्याने तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "आम्ही दोघांनी मिळून, साहेब."

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही सगळा दोष एकट्याच्या अंगावर घ्यायला निघालात, मला बघवेना."

त्याला मान वर करवेना. तो हात तिच्याकडे बोट दाखवायला उठला होता.